शस्त्रक्रिया परळात, बरे होणे भिवंडीत

स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेचा विषय घरात निघाला की तीन प्रश्न लगेच पुढे येतात: डॉक्टर कोण, खर्च किती, आणि ऑपरेशन यशस्वी होईल ना? तिन्ही प्रश्न रास्त आहेत, पण तिन्हींची नजर एकाच दिवसावर खिळलेली असते. या शस्त्रक्रियेत रुग्ण टेबलावर दगावणे आता विरळा झाले आहे. खरा धोका सुरू होतो तो त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून. पहिला पंधरवडा सुखरूप गेला तरी पचन, साखर, वजन आणि केमोथेरपी यांचा हिशेब पुढे कित्येक महिने चालतो आणि तो घरी बसून चालवावा लागतो. भिवंडीतल्या रुग्णाला हे दोन टप्पे दोन दिशांना ओढतात. शस्त्रक्रियेसाठी त्याने घराजवळचा पर्याय सोडून, जिथे ही शस्त्रक्रिया सतत होते अशा जागी गेले पाहिजे. बरे होताना मात्र हाकेच्या अंतरावर कुणीतरी जाणकार हवा. या दोन टोकांची जुळणी शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी झाली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. ती आपोआप होत नाही, आणि ती न झाल्यामुळे चांगली झालेली शस्त्रक्रियाही वाया जाऊ शकते.

आधी हा अवयव समजून घ्यावा लागतो. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवे असते. लांबी साधारण १५ सेंटिमीटर. त्याचे डोके लहान आतड्याच्या पहिल्या वळणात रुतलेले असते आणि शेपूट डावीकडे प्लीहेपर्यंत पोचते. यकृताकडून येणारी पित्तनलिका याच डोक्यातून खाली उतरते. आतड्याकडे आणि यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या त्याला लगटून जातात. त्यामुळे डोक्यात गाठ झाली तर नुसती गाठ उचलून काढता येत नाही. स्वादुपिंडाचे डोके, आतड्याचे ते वळण, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा भाग आणि कधी जठराचा शेवटचा तुकडा असे सगळे एकत्र काढावे लागते. मग उरलेले स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर यांचे आतड्याशी तीन नवे जोड घालावे लागतात. हीच व्हिपल शस्त्रक्रिया. जर्मनीत वाल्टर काउश यांनी १९०९ मध्ये तिचा एक प्रकार केला होता. नाव मात्र रूढ झाले ते न्यूयॉर्कच्या अ‍ॅलन व्हिपल यांचे, त्यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामामुळे. १९६०-७० च्या दशकांत ही शस्त्रक्रिया झालेल्या चारांतला जवळपास एक रुग्ण दगावत असे, आणि ती करूच नये असे म्हणणारे शल्यविशारदही होते. आज अनुभवी केंद्रांत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आले आहे. पण गुंतागुंत मात्र तितकी घटलेली नाही. आजही तीनांतल्या किमान एका रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर काही ना काही त्रास होतोच. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे कळते की प्रगतीचा मोठा भाग त्रास टाळण्यात झालेला नाही. त्रास झाल्यावर माणूस वाचवण्यात झाला आहे.

असे का, याचे उत्तर स्वादुपिंडाच्या स्वभावात आहे. निरोगी स्वादुपिंड इतके मऊ असते की त्याला टाके घालणे म्हणजे लोण्याला टाके घालणे. शिवाय त्यातून पाझरणारा रस हा मुळात मांस आणि चरबी पचवण्यासाठीच असतो. जोडातून तो गळू लागला तर आजूबाजूच्या ऊतींना पचवू लागतो, पू होतो, आणि वाईटात वाईट म्हणजे जवळच कापून बांधलेल्या धमनीचे टोक कुरतडले जाते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर पोटात नळ्या ठेवतात आणि तिसऱ्या दिवसापासून त्यातल्या द्रवातले अमायलेझ हे पाचकद्रव्य मोजतात. ते रक्तातल्या अमायलेझच्या तिपटीहून जास्त असेल तर गळतीचा संशय येतो. बऱ्याच गळत्या नळी काही दिवस जास्त ठेवून, सुईने पू काढून, प्रतिजैविके देऊन आपसूक मिटतात. पण नळीतून एखाद्या दिवशी थोडेसे ताजे रक्त आले तर ती मोठ्या रक्तस्रावाची सूचना असू शकते. तेव्हा काही तासांत सीटी स्कॅन करून, मांडीच्या रक्तवाहिनीतून तार सरकवून रक्त गळणारी धमनी बंद करणारा तज्ज्ञ हाताशी हवा. रक्तपेढी हवी, अतिदक्षता विभाग हवा, आणि मुख्य म्हणजे ते थोडेसे रक्त पाहून रात्री दोन वाजता वरिष्ठांना उठवण्याचे शहाणपण असलेली परिचारिका हवी. हे शहाणपण पुस्तकातून येत नाही. आठवड्याला असे रुग्ण पाहणाऱ्या वॉर्डातच ते तयार होते.

याला आकड्यांचा आधार आहे. अमेरिकेत जॉन बर्कमायर आणि सहकाऱ्यांनी १९९४ ते १९९९ या काळातल्या वृद्धांच्या सुमारे २५ लाख शस्त्रक्रियांची नोंद तपासली आणि २००२ मध्ये निष्कर्ष मांडले. स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया क्वचितच होणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण १६.३ टक्के होते, आणि सर्वाधिक होणाऱ्या रुग्णालयांत ३.८ टक्के. मानेतल्या धमनीच्या शस्त्रक्रियेत हाच फरक जेमतेम ०.२ टक्क्याचा होता. म्हणजे 'मोठे रुग्णालय सगळ्यासाठीच चांगले' अशी ही भाबडी गोष्ट नाही; काही शस्त्रक्रियांना जागेने फारसा फरक पडत नाही, स्वादुपिंडाला मात्र प्रचंड पडतो. गंमत अशी की त्या पाहणीत 'सर्वाधिक' म्हणजे वर्षाला १६ पेक्षा जास्त, एवढाच निकष होता. २००९ मध्ये अमीर घाफेरी आणि बर्कमायर यांच्याच गटाने याची पुढची कडी दाखवली. त्यांनी सर्वसाधारण आणि रक्तवाहिन्यांच्या ८४ हजारांवर शस्त्रक्रिया पाहिल्या. जास्त मृत्यू होणाऱ्या आणि कमी मृत्यू होणाऱ्या रुग्णालयांत गुंतागुंतीचे प्रमाण जवळजवळ सारखेच, २५ टक्क्यांच्या आसपास निघाले. पण मोठी गुंतागुंत झाल्यावर पहिल्या गटात २१.४ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटात १२.५ टक्के. नेदरलँड्सने यावरून धोरणच बदलले. ही शस्त्रक्रिया मोजक्या रुग्णालयांत एकवटत नेली, तेव्हा २००४ ते २००९ या काळात देशभरातले मृत्यू १० टक्क्यांच्या जवळून ५ टक्क्यांवर आले, आणि पुढे वर्षाला किमान २० व्हिपल शस्त्रक्रियांची अट घातली गेली. तेव्हा रुग्णाने विचारायचा पहिला प्रश्न हा: या रुग्णालयात गेल्या वर्षी अशा किती शस्त्रक्रिया झाल्या, आणि रात्री रक्तस्राव झाला तर तो थांबवणारा माणूस याच इमारतीत आहे का? चांगला शल्यविशारद या प्रश्नाने दुखावला जात नाही. जो दुखावतो त्याच्याविषयी तेवढ्यानेच बरेच कळते.

आता भिवंडीकडे वळू. २०११ च्या जनगणनेत ७ लाखांवर वस्ती असलेल्या या यंत्रमागांच्या शहरात इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे, खासगी नर्सिंग होम आहेत, अपेंडिक्स आणि पित्ताशयाची शस्त्रक्रिया सफाईने करणारे सर्जन आहेत. व्हिपलसाठी लागणारा सगळा सरंजाम इथे अपेक्षित धरणे त्यांच्यावरच अन्याय होईल. दुसऱ्या बाजूला जेमतेम चाळीस किलोमीटरवर परळ आहे. १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा मेमोरियल रुग्णालय, समोरचे महापालिकेचे केईएम आणि त्यातला पोटाच्या शस्त्रक्रियांचा स्वतंत्र विभाग. देशातल्या असंख्य रुग्णांना जिथे पोचायला दोन रात्रींचा रेल्वेप्रवास करावा लागतो ते ठिकाण भिवंडीकराला एका सकाळीत गाठता येते. पण नकाशावरचे अंतर आणि आजारी माणसाचे अंतर वेगळे. भिवंडी रोड स्थानक वसई-दिवा मार्गावर आहे; मुंबईची थेट लोकल तिथून मिळत नाही. आधी रिक्षाने किंवा बसने ठाणे नाहीतर कल्याण गाठायचे, आणि अंजूरफाटा-माणकोलीच्या कोंडीत किती वेळ जाईल ते देवाला ठाऊक. मागावर मीटरने मजुरी मिळणाऱ्या माणसासाठी परळची प्रत्येक फेरी म्हणजे त्याची स्वतःची, आणि सोबत आलेल्या भावाची किंवा मुलाचीही, बुडालेली पाळी.

म्हणूनच पहिला आक्षेप गंभीर आहे: एवढी ओढाताण करण्यापेक्षा ओळखीच्या डॉक्टरांकडे, घराजवळ केलेले काय वाईट? ओळखीचा विश्वास मी हलका मानत नाही. पण त्याची किंमत वरच्या आकड्यांत लिहिलेली आहे, आणि खर्चाच्या बाबतीत परिस्थिती दहा वर्षांपूर्वीपेक्षा बरी आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या यादीत स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया आहेत. आयुष्मान भारतशी जोडलेल्या या योजनेचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत नेण्याचा आणि ते राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. भिवंडीतले कितीतरी कारागीर उत्तर प्रदेश, बिहार किंवा तेलंगणातले. त्यांच्या गावचे आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातही चालते, हे अनेकांना माहीत नसते. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. दाखल होण्याआधी त्याला गाठायचे, मंजुरी आल्यावर मगच तारीख घ्यायची. सोबत्याच्या राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कर्करुग्णांच्या कुटुंबांना वर्षानुवर्षे आधार देत आली आहे. हे सगळे जमले तरी बुडालेली मजुरी कुणी भरून देत नाही, ही उणीव खरी आहे आणि ती मी लपवणार नाही.

दुसरा आक्षेप रांगेचा: मोठ्या रुग्णालयात नंबर लागेपर्यंत आजार वाढेल. इथे काळजी बरोबर असते, पण वेळ वाया जातो तो बहुधा परळच्या रांगेत उभे राहण्याच्या कितीतरी आधी. स्वादुपिंडाच्या डोक्यातली किंवा पित्तनलिकेच्या तोंडाशी असलेली गाठ बऱ्याचदा न दुखणाऱ्या काविळीने उघडी पडते. डोळे पिवळे, लघवी गडद, शौचाला पांढुरके, अंगाला असह्य खाज, आणि पोटात मात्र फारसे दुखणे नाही. आपल्याकडे कावीळ म्हटली की मुळी, काढा, माळ, आणि 'उतरवून' देणारा. ठाणे जिल्ह्यात असे कुणी ठाऊक नाही असे घर मिळणे कठीण. विषाणूमुळे झालेली कावीळ काही आठवड्यांत सहसा आपणच उतरते, त्यामुळे माळेला श्रेय मिळते आणि पुढच्या रुग्णाचा महिना जातो. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला न दुखणारी, खाजेची, वाढत जाणारी कावीळ झाली तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी, आणि पित्तनलिका फुगलेली दिसली तर स्वादुपिंडासाठीचा खास सीटी स्कॅन, एवढे भिवंडी-ठाण्यातच होऊ शकते. हा सीटी स्कॅन दुर्बिणीने पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे पित्ताला वाट देणारी छोटी नळी, टाकण्याच्या आधी झाला पाहिजे. स्टेंट टाकल्यावर येणारी सूज चित्र धूसर करते आणि गाठ रक्तवाहिन्यांना कुठवर भिडली आहे हे नीट दिसत नाही. कावीळ उतरवायला आधी स्टेंट हवाच, हा समजही सरसकट खरा नाही. नेदरलँड्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मध्यम कावीळ असलेल्या रुग्णांचे दोन गट केले होते. थेट शस्त्रक्रिया झालेल्यांत ३९ टक्क्यांना गंभीर त्रास झाला, आधी स्टेंट टाकलेल्यांत ७४ टक्क्यांना. थंडी-ताप, फार चढलेली कावीळ, आधी केमो देण्याचा बेत किंवा शस्त्रक्रियेला लागणारा मोठा उशीर ही स्टेंटची कारणे असू शकतात; पण कारण विचारून घ्यावे. रांग छोटी करण्याचा रुग्णाच्या हातातला उपाय हाच: चित्र, रक्ततपासण्या आणि सीटीची सीडी घेऊन पहिल्याच फेरीत पूर्ण तयारीने पोचणे.

स्वादुपिंडाचे नाव निघाले की प्रत्येकाने परळ गाठावे, असेही मी म्हणत नाही. पित्ताशयातला खडा सरकून स्वादुपिंडाला सौम्य सूज आली आणि ती ओसरली, तर पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया चांगल्या स्थानिक रुग्णालयात होऊ शकते. तिथे चूक होते ती 'सूज उतरू दे, दोन महिन्यांनी या' असे म्हणून घरी पाठवण्यात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत त्याच मुक्कामात पित्ताशय काढलेल्या ५ टक्के रुग्णांना खड्यांमुळे पुन्हा भरती व्हावे लागले किंवा मृत्यू आला. घरी पाठवून नंतर बोलावलेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. सूज तीव्र असेल, स्वादुपिंडाचा भाग मरून त्यात पू झाला असेल, तर उलट घाई नडते. नातेवाईक म्हणतात, पू आहे तर आजच पोट उघडा. पण २०१० च्या आणखी एका डच चाचणीने दाखवले की आधी नळीने पू काढायचा, गरज पडली तरच लहान छेदातून पुढे जायचे, या पायरीपायरीच्या उपचारात मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू ४० टक्क्यांत आढळला. पोट उघडणाऱ्या गटात ६९ टक्क्यांत. पायरीपायरीच्या गटातल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांचे नळीवरच भागले, त्यांना शस्त्रक्रिया लागलीच नाही.

सगळ्यांत अवघड आक्षेप वेगळाच आहे: स्वादुपिंडाचा कर्करोग म्हणजे शेवटच, मग एवढे हाल कशाला? गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे उदाहरण मराठी घरांत अजून ताजे आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांना स्वादुपिंडाची सौम्य सूज असल्याचे सांगितले गेले. कर्करोग आहे हे राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी उघडपणे मान्य केले ते ऑक्टोबरात, आणि १७ मार्च २०१९ ला त्यांचे निधन झाले. मुंबई, अमेरिका, दिल्ली असे सगळीकडचे उपचार मिळालेल्या माणसाचे हे झाले तर आमचे काय, असे लोक म्हणतात. आजार निर्दय आहे यात वाद नाही: २०२० मध्ये जगात त्याचे सुमारे ४ लाख ९६ हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि ४ लाख ६६ हजार मृत्यू. निदान होते तेव्हा पाचांतल्या जेमतेम एकाचीच गाठ काढण्याजोगी असते. पण 'स्वादुपिंडाची गाठ' हा एक आजार नाही. पित्तनलिकेच्या तोंडाशी होणारी गाठ आपल्याकडे बरीच आढळते, तीच व्हिपल शस्त्रक्रिया तिला लागते, आणि तिचा निकाल स्वादुपिंडाच्या गाठीपेक्षा चांगला असतो. संप्रेरके बनवणाऱ्या पेशींच्या गाठी आणखी वेगळ्या. त्या संथ वाढतात. आणि खुद्द स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कर्करोगातही, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्स-कॅनडाच्या चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर तीव्र केमो घेतलेल्या निम्म्या रुग्णांनी ५४ महिन्यांचा टप्पा ओलांडला. अर्थात ते निवडक, अंगात ताकद राहिलेले रुग्ण होते. म्हणून नातेवाइकांनी डॉक्टरांना 'पेशंटला सांगू नका' असे बजावणे मला पटत नाही. शस्त्रक्रिया पूर्ण बरे करण्यासाठी आहे की फक्त कावीळ आणि उलट्या थांबवण्यासाठी, गाठ नेमकी कुठली, पोट उघडल्यावर ती निघणार नाही असे दिसले तर काय करणार, हे ठरवण्याचा हक्क ज्याचे पोट उघडायचे त्याचा. काही वेळा गाठीचा तुकडा न तपासताच शस्त्रक्रिया ठरते आणि नंतरच्या अहवालात ती कर्करोगाची नव्हती असेही निघते. हे आधी सांगितलेले नसेल तर नंतर फसवणूक वाटते.

आता घरी आल्यावरचे. इथे मला जास्त वेळ घ्यायचा आहे, कारण डिस्चार्जच्या दिवशी यावर फार थोडे बोलले जाते. उरलेले स्वादुपिंड पुरेसा रस देत नसेल तर अन्नातली चरबी पचत नाही. शौच पातळ, तेलकट, उग्र वासाचे, पाण्यावर तरंगणारे होते, पोट फुगते, खाऊनही वजन उतरत जाते. घरातले लगेच तेल, तूप, दूध, अंडे बंद करतात आणि पेज सुरू करतात. हेतू मायेचा, परिणाम उलटा. ज्याला उष्मांकांची सर्वांत जास्त गरज त्याचाच घास हलका होतो. याचे खरे उत्तर स्वादुपिंडाच्या पाचकरसाच्या कॅप्सूल. मोठ्या जेवणाला ४० ते ५० हजार युनिट लायपेझ आणि मधल्या खाण्याला त्याच्या निम्मे, असा प्रघात पाश्चात्त्य मार्गदर्शनात आहे. आपला डोस आपल्या डॉक्टरांनी ठरवायचा. पण कॅप्सूल कशी घ्यायची हे डोसाइतकेच महत्त्वाचे. पहिल्या घासाबरोबर घ्यायची, जेवण लांबले तर निम्मी मध्यावर. उपाशीपोटी किंवा जेवण उरकल्यावर घेतलेली वाया जाते. चावायची नाही, गरम डाळीत कालवायची नाही. चार वाजता वडापाव खाल्ला तर त्यालाही लागते. औषधाच्या दुकानात मिळणारी पचनाची सिरप आणि गोळ्या याला पर्याय नाहीत. चरबी पचवायला लागणारे लायपेझ त्यांत पुरेसे नसते.

आणि एक गोष्ट भिवंडीत तरी आडून न बोलता सांगायला हवी. बाजारातल्या बहुतेक सगळ्या पाचकरसाच्या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. शहरात मोठी मुस्लिम वस्ती आहे, शाकाहारी कुटुंबेही आहेत. हे न सांगता औषध लिहून दिले आणि नंतर कुणा नातेवाइकाने मोबाइलवर वाचले, की डबा कचऱ्यात जातो आणि पुढच्या भेटीला रुग्ण 'घेतो आहे' असे सांगतो. जीव वाचवणाऱ्या औषधाला पर्याय नसेल तर गरजेपोटी ते घ्यायला हरकत नाही, असे मत अनेक इस्लामी धर्मपंडितांनी दिलेले आहे. पण ते रुग्णाला डॉक्टरकडून नव्हे, आपल्या विश्वासातल्या मौलानांकडून ऐकायचे असते, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेआधीचे चार दिवस मिळायला हवेत. रमजानच्या रोजांचेही तसेच. स्वादुपिंडाचा भाग गेल्यावर इन्सुलिन कमी पडून मधुमेह होऊ शकतो, आणि हा मधुमेह नेहमीचा नसतो. साखर वाढवणारे ग्लुकॅगॉनही याच अवयवात बनत असल्यामुळे, इन्सुलिन घेऊन उपास घडला तर साखर धोकादायक खाली घसरू शकते. उपास रमजानचा असो की एकादशीचा, शरीराला फरक कळत नाही.

शेपटीकडची शस्त्रक्रिया झाली असेल आणि प्लीहाही काढली असेल तर आणखी एक जबाबदारी जन्मभराची. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस यांच्या लसी घ्याव्या लागतात, ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत शक्यतो दोन आठवडे आधी. पुढे कधीही थंडी वाजून ताप आला तर तो 'व्हायरल असेल' म्हणून घरी काढायचा नाही. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून घरी गेल्यावरही काही आठवडे इंजेक्शने सांगतात. ती टोचायला रोज परळला कोण जाणार? कुणी पोटातली नळी तशीच ठेवून घरी येतो. ताप, नळीतून किंवा शौचातून रक्त, पुन्हा पिवळे डोळे, न थांबणाऱ्या उलट्या यांपैकी काही झाले तर आधी कुठे जायचे हे ठरलेले हवे. म्हणून शस्त्रक्रियेआधीच भिवंडीतला एक डॉक्टर पक्का करावा, त्याला शस्त्रक्रियेचा बेत दाखवावा, आणि परळच्या विभागाचा दूरध्वनी त्याच्याकडे असावा. डिस्चार्जचे कागद इंग्रजीत असतात. घरी बोलणे मराठीत, उर्दूत, हिंदीत किंवा पद्मशाली वस्तीत तेलुगूत. तेव्हा घरातल्या एका माणसाने ते कागद वॉर्डातच बसून आपल्या भाषेत उतरवून घ्यावेत: कुठले औषध, कधी, कशासोबत, कधीपर्यंत. उपचाराच्या नोंदी मागितल्यावर ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत तसे लिहिले आहे. शस्त्रक्रियेचा तपशील आणि गाठीचा अहवाल या दोन कागदांवाचून स्थानिक डॉक्टर अंधारात चाचपडतो.

शेवटचा आक्षेप धोरणाचा: सगळेच परळला धावले तर परळ कोसळेल. खरे आहे, आणि आज अर्धे कोसळते आहे ते चुकीच्या कामांमुळे. ज्या फेऱ्या परळला होतात त्यांतल्या कितीतरी टाके दाखवायला, साखर तपासायला, कॅप्सूलचा डोस वाढवून घ्यायला, एक रक्ततपासणी करायला असतात. हे काम उपजिल्हा रुग्णालयाचे आहे, आणि ते इथे झाले तर तिथल्या खाटा व्हिपलसाठी मोकळ्या होतील. सरकारी योजनेने शस्त्रक्रियेचे पैसे दिले ही मोठी गोष्ट, पण घरी गेल्यावरची मोजक्या दिवसांची औषधे देऊन ती हात आखडते, आणि पाचकरस तर कित्येकांना वर्षानुवर्षे लागतो. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयाने वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया केल्या आणि किती रुग्ण घरी गेले, हा आकडा रुग्णाला दिसेल असा लावावा, ही मागणीही अवास्तव नाही. बिलासाठी तो सरकारकडे जातोच. छोट्या रुग्णालयांची त्यात बदनामी होईल असे म्हणतात. मला उलट वाटते. पित्ताशयाचे, स्टेंटनंतरच्या देखभालीचे, केमोच्या काळातल्या सलाइनचे त्यांचे काम तेव्हाच मोजले आणि मानले जाईल.

केमोथेरपीत तर अशी वाटणी आजही जमण्याजोगी आहे. शस्त्रक्रियेनंतर केमो लवकर सुरू झाली नाही म्हणून अनेक घरे धास्तावतात आणि अन्न नीट पोटात राहत नसताना रुग्णाला रेटतात. युरोपातल्या एका मोठ्या चाचणीच्या २०१४ मध्ये आलेल्या विश्लेषणात दिसले की, बारा आठवड्यांच्या आत कधीही सुरू केली तरी चालते; आयुष्य वाढते ते ठरलेल्या सहाही फेऱ्या पूर्ण करण्याने. फेऱ्या अर्ध्यावर सुटतात त्या बहुतेक वेळा अशक्तपणामुळे, आणि आपल्याकडे भाड्यापायी, बुडालेल्या पाळ्यांपायीही. तेव्हा पहिल्या भेटीतच परळच्या डॉक्टरांना विचारावे: आराखडा तुम्ही लिहून द्या, पण मधल्या फेऱ्या ठाण्यात किंवा कल्याणात कुठे घेता येतील, आणि पांढऱ्या पेशी घटून ताप आला तर भिवंडीत पहिली सलाइन कोण लावेल?